झाडून काढलेलं रान

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. बाभुळगावकर साहेब हयात आहेत, पुण्याला मुलाकडे असतात, तब्येत ठणठणीत आहे, त्यामुळे माझी ती अडचण नाही. त्यांच्या पश्चात लिहायला बसले असते तर चार बरे शब्द शोधावे लागले असते आणि त्या शोधात माझं उरलेलं आयुष्य गेलं असतं.

ते आमचे साहेब होते. आमचं ऑफिस झाडं लावायचं. ऑफिसचं नाव सांगत नाही, कारण गंमत साहेबांच्याच नावात आहे. नावात बाभूळ घेऊन जन्मलेल्या या माणसानं नोकरीभर दिसेल ती बाभूळ तोडली आणि तिथं निलगिरी लावली. मी त्याच ऑफिसात माती तपासायला होते. ऑफिसच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती, तिला प्रयोगशाळा म्हणायचे. छत्रपती संभाजीनगरचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मुकुंदवाडीच्या पलीकडे शेतं सुरू व्हायची आणि वाळूजला नुकत्याच कारखान्यांच्या शेड उठायला लागल्या होत्या. शहर वाढत होतं, पाऊस कमी होत होता आणि सरकारला घाईघाईनं हिरवं काहीतरी दाखवायचं होतं. अशा वेळी बाभुळगावकरांसारख्या माणसाला बरे दिवस येतात.

दिसायला माणूस छाप पाडणारा. गोरापान, उंच, पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, दौऱ्यावर असले तरी. खुर्चीवर बसण्याआधी खिशातला रुमाल झटकून खुर्चीवर पसरायचे आणि उठताना घडी घालून परत खिशात ठेवायचे. दुपारी तोंड पुसायलाही तोच रुमाल असतो हे एकदा बघितलं आणि त्यांच्या समोर डबा खाणं मी सोडून दिलं. मातीला त्यांनी कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. नमुना बघायचाच झाला तर पिशवी मी धरायची आणि त्यांनी वाकून नुसतं बघायचं, शेजाऱ्याच्या पातेल्यात डोकावावं तसं.

एक मात्र खरं, की त्यांनी कुणाचा पैसा खाल्ला नाही. लोक हे त्यांचं मोठेपण म्हणून सांगतात. मला वाटतं खाल्ला असता तर बरं झालं असतं. पैसे खाणारा माणूस निदान अर्धं काम तरी करत नाही. बाभुळगावकर साहेब ठरवलेलं प्रत्येक काम शेवटपर्यंत करायचे आणि खरी पंचाईत तिथं होती.

त्यांचं एक पालुपद होतं. "काम दिसलं पाहिजे." हे वाक्य ते मीटिंगमध्ये म्हणायचे, जीपमध्ये म्हणायचे, फोनवर म्हणायचे. रोपांच्या रांगा सरळ आहेत का हे बघायला ते बरोबर सुतळी ठेवायचे. दोन गडी सुतळी ताणून धरायचे आणि साहेब एक डोळा मिटून तिच्यावरून बघायचे. एखादं रोप चार बोटं बाहेर असलं की उपटून परत लावायला लावायचे. मग जमिनीचा उतार कुठं आहे, खालचा थर कसा आहे, पाणी कुठून वाहतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. मी नमुन्यांचे निकाल घेऊन गेले की म्हणायचे, "बाई, माती ती माती. निलगिरीला काही लागत नाही. काही लागत नाही म्हणून तर लावतोय."

ज्याला काही लागत नाही असं झाड मी नोकरीत पाहिलं नाही. ज्याला काही कळत नाही असा माणूस मात्र रोज पाहत होते.

उत्तमराव काळे यांची जमीन फुलंब्रीच्या पुढं, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. वरच्या अंगाला मुरमाड बरड, तिथं कुसळाशिवाय काही उगवायचं नाही. खाली रस्त्याच्या कडेला काळ्या जमिनीची एक पट्टी. घरची वर्षाची ज्वारी त्या पट्टीतच पिकायची. उत्तमराव सरकारी योजनेत निलगिरी लावायला तयार झाले, ते बरडावर. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ते बोट करून दाखवत होते.

"वरचं समदं घ्या साहेब. ते तसंबी पडीकच हाय."

साहेबांनी वर बघितलंही नाही. ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते. अजिंठ्याची लेणी बघायला बडे पाहुणे जातात ते याच रस्त्यानं, आणि त्यांच्या गाडीच्या काचेतून बरड दिसत नव्हतं.

"ही पट्टी द्या," साहेब म्हणाले. "रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

"ही ज्वारीची हाय जी."

"काही वर्षांचा प्रश्न आहे, उत्तमराव. झाडं तोडून बल्ल्या निघाल्या की जमीन परत तुमचीच. मग ज्वारी लावा नाहीतर द्राक्षं लावा."

उत्तमरावांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वरच्या बरडात आधी लावून बघू, या काळ्या जमिनीखाली चुनखडीचा थर आहे, निलगिरीला तो सोसत नाही. साहेब हसले. ते हसायचे तेव्हा समजायचं की आपलं बोलणं त्यांच्यापुरतं संपलं. सरकारी माणूस दारात आलेला, वर गोड बोलणारा, आणि उत्तमराव भिडस्त. पट्टी गेली. बांधावरची म्हातारी बाभूळ रांगेच्या आड येते म्हणून तीही गेली. तिच्या सावलीत शेळ्या बसायच्या आणि त्यांच्या लेंड्यांनी आसपासची जमीन काळीभोर राहायची. साहेब म्हणाले, "काटेरी जात, गचाळ दिसते."

निलगिरी आधी झपाट्यानं वाढली. काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं शेणखत घातलेलं होतं, ते ती ओरबाडून घेत होती. साहेब पाहुण्यांना आणून दाखवत होते. एवढ्यावर राहिलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण बाभुळगावकर साहेबांच्या घरात पूर्वापार भिक्षुकी होती, सोवळंओवळं कडक होतं, आणि आईच्या अंगणात कधी पान पडलेलं दिसलं नाही हे ते अभिमानानं सांगायचे. आईचं अंगण आणि उत्तमरावांचं रान यांतला फरक त्यांना कळला नाही.

त्यांच्या भाषेत पाचोळा हा शब्दच नव्हता. झाडाखाली पडतो तो केर. दौऱ्यावर गेले की पहिला प्रश्न, "केर काढला का?" आठवड्याला खराटे घेऊन बायका लावायचे. त्या पानं, साल, काटक्या लोटून रस्त्याकडेला ढीग करायच्या. निलगिरीचं वाळलेलं पान तेलामुळे भडभड पेटतं, त्यामुळे शहराच्या कडेच्या वीटभट्ट्यांचे ट्रॅक्टर तो ढीग आनंदानं घेऊन जायचे. त्या विटांवर शहर चढत होतं. आणि झाडाखालची जमीन अशी लख्ख, की रांगोळी काढून पाट मांडावा.

उत्तमरावांच्या बायको, सुभद्राबाई, पहिल्यांदा ते बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आवो साहेब, रानाला कुनी झाडतंय व्हय?"

"घर तसं रान," साहेब म्हणाले. "सवय लावून घ्या."

मी ऑफिसात जाऊन भांडले. निलगिरी जमिनीतून जे ओढते त्यातलं बरंचसं पानांत आणि सालीत ठेवते. पान खाली पडतं, हळूहळू कुजतं आणि घेतलेलं जमिनीला परत मिळतं. पानच उचलून नेलं तर झाड नुसतं घेत राहणार, परत काही जाणार नाही. शाळेतल्या पोराला कळेल अशा भाषेत सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, टेबलावरचा काचेचा पेपरवेट रुमालानं पुसला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही गृहिणी आहात ना? घरी केर काढता की कुजवता?"

हे ते विनोदानं म्हणाले नव्हते. असल्या माणसाशी वाद घालताना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. मी खोलीत जाऊन काचेच्या नळ्या धुत बसले.

मग पावसानं पाठ फिरवली, एकदा नाही, लागोपाठ. गावाची विहीर तळाला गेली. निलगिरीचे शेंडे वाळायला लागले, नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. हे तहानेचं लक्षण नव्हतं. जमिनीत लोह होतं, पण चुनखडीमुळे ते झाडाला घेता येत नव्हतं, आणि मदतीला येईल असं कुजलेलं खत त्या झाडलेल्या जमिनीत उरलं नव्हतं. मी हे कळवलं. पण वरून एक मोठे अधिकारी अजिंठ्याला जाताना बघायला येणार होते आणि साहेबांना पिवळं म्हणजे तहानलेलं एवढंच माहीत होतं. त्यांनी शहरातून पाण्याचा टँकर मागवला.

जीपमध्ये साहेब पुढं, मी मागं, ड्रायव्हर हमीदभाई, आणि मागून टँकर. गावच्या तोंडाशी बायका घागरी घेऊन रस्त्यात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, सरकारनं त्यांच्यासाठी पाणी पाठवलं. साहेब खाली उतरले.

"बाजूला व्हा. हे पाणी झाडांचं आहे."

कुणाला ते कळलंच नाही. एकीनं शेजारणीला विचारलं, कुणाचं म्हनले? मग सुभद्राबाई पुढं आल्या. त्यांच्याही कमरेवर घागर होती.

"झाडाचं आसंल साहेब. पन झाडाला कुटं बोलता येतंय. आमी घेतलं तर ते कुनाला सांगनार हाय?"

बायका रस्त्यातच बसल्या. साहेब हमीदभाईंना म्हणाले, गाडी काढा. हमीदभाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"कैसे निकालूं साब? लोगां बैठ गए ना रस्ते में. मैं कुचल के जाऊं क्या?"

साहेब जीपमध्ये जाऊन नाकाला रुमाल लावून बसले. टँकरमधलं निम्मंअधिक पाणी घागरींत गेलं. उरलेलं झाडांना घातलं आणि झाडं होती तेवढीच पिवळी राहिली. परतीच्या वाटेवर साहेब एकच वाक्य बोलले. "या लोकांना झाडांचं महत्त्व नाही."

पाण्यानं पिवळेपणा गेला नाही, तेव्हा त्यांनी खोडं रंगवायला घेतली. खाली गेरू, वर चुना. आणि उरलेला चुना कीड मरते म्हणून बुंध्याशी ओतायला लावला. ज्या जमिनीला चुनाच जास्त झाला होता, तिला आणखी चुना. मधुमेहाच्या माणसाला आग्रह करून शिरा वाढावा तसा हा प्रकार होता. मी रानातच त्यांना गाठलं आणि सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पान हिरवं की पिवळं, रस्त्यावरून कळत नाही. खोड मात्र पांढरंशुभ्र दिसतं."

मोठे अधिकारी आले. गाडीतून उतरले नाहीत. काच खाली करून म्हणाले, "अरे वा, स्वच्छ ठेवलंय." काच वर गेली. 'स्वच्छ' या एका शब्दावर साहेब पुढचं वर्षभर जगले. चहाला बसले की विषय फिरवून तिथं आणायचे.

तोड झाली तेव्हा बल्ल्या निघाल्या मनगटाएवढ्या. ठेकेदार त्या वाळूजकडे स्लॅबच्या सेंट्रिंगला घेऊन गेला. उत्तमराव मला म्हणाले, "बल्ल्यांचं जाऊ द्या बाई. माजं रान मोकळं झालं, बास झालं." त्यांचं सगळं लक्ष ज्वारीकडे होतं. बरा पाऊस झाला तसं त्यांनी बुडख्यांच्या मधल्या जागेत ज्वारी पेरली.

ती गुडघ्याएवढी होऊन थांबली. पिवळट, किरटी, कणसात दाणा नाही. त्या वर्षी काळ्यांच्या घरात बाजारातून ज्वारी आली. पैशाची तितकी अडचण नव्हती, उत्तमरावांचा धाकटा भाऊ शहरात नोकरीला होता. पण सुभद्राबाई पिशवी पदराखाली धरून मागच्या दारानं घरात गेल्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. "इकतची ज्वारी आनली म्हनून कुनी बगू नाय," म्हणाल्या. मला तेव्हा बाभुळगावकरांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचाच आला नाही.

मी साहेबांना मुद्दाम तिथं नेलं. ज्वारी बघून ते म्हणाले, "मशागत कमी पडली तुमची." मग म्हणाले, बुडखे फुटलेच आहेत तर परत निलगिरीच येऊ द्या, फुकटची आहे. तेवढ्यात शहरातून सुट्टीला आलेला धाकटा भाऊ म्हणाला, शहराकडून प्लॉटवाले विचारायला आले होते, रस्त्याची पट्टी आहे, आता पिकतच नाही तर ठेवायची कशाला. साहेबांचा चेहरा खुलला.

"मग उत्तम. प्लॉट पाडा. नाहीतरी ही जमीन आता कामाची राहिलेली नाही."

ज्यानं ती कामाची ठेवली नव्हती तोच हे म्हणत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कुठं काही हललं नाही. त्या दिवसापर्यंत मी त्यांना मूर्ख समजत होते. त्या दिवशी कळलं की मूर्खपणाला निदान शंका तरी येते, यांना तीही येत नव्हती.

उत्तमराव म्हणाले, "बगतो साहेब."

चार दिवसांनी ते माझ्या खोलीच्या दारात उभे. धोतराच्या सोग्यात मूठभर माती.

"बाई, खरं सांगा. हिच्यात आता काय राह्यलं? धाकला प्लॉटवाल्यांकडनं इसार घ्यायचं म्हनतोय. त्याला मी थांबवलंय, पन थांबवायला काय तर हाती पायजे."

मी माती तपासली. नत्र नाही, स्फुरद नावाला, सेंद्रिय कर्ब तळाला गेलेला. ते सगळं वीटभट्टीत जळालं होतं आणि सेंट्रिंगला लागलं होतं. पण मी त्यांना सांगितलं की जमीन मेलेली नाही, भुकेली आहे. बुडखे खणून काढा, रानात मेंढरं बसवा, तूर-हरभरा घ्या, शेणखत घाला, आणि जे जे खाली पडेल ते तिथंच राहू द्या. लगेच ज्वारी मागू नका तिला. ते ऐकत होते आणि मान डोलवत होते. जाताना म्हणाले, "मंजे खायला घालायचं हाय. मी येडा, इचारीत होतो ती देत काऊन नाय."

धाकट्या भावाला त्यांनी कसं समजावलं मला माहीत नाही. घरात बरीच आदळआपट झाली असं हमीदभाईंकडून कळलं. पण पट्टी विकली गेली नाही. आजूबाजूच्या शेतांत प्लॉटचे दगड पुरले गेले, कमानी उभ्या राहिल्या, आणि मधे काळ्यांच्या पट्टीत धनगरांची मेंढरं बसायला लागली.

बाभुळगावकर साहेब सन्मानानं निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांच्याविषयी जे बोललं गेलं ते ऐकून मला वाटलं, मी दुसऱ्याच माणसाच्या हाताखाली होते. नंतर काही वर्षं ते शहरातच राहत होते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते ऑफिसातल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला गेलो तेव्हा. लग्न सिल्लोडला होतं. परतीला आम्ही काहीजण एकाच जीपमध्ये होतो. हमीदभाईही निवृत्तीला आले होते, पण गाडी त्यांच्याच हाती. फुलंब्रीच्या अलीकडे साहेब म्हणाले, "थांबवा. माझं जंगल इथंच होतं."

जंगल कुठं होतं कोण जाणे. पण जीप थांबली. रब्बीच्या पेरणीचे दिवस होते, जमिनीत ओल होती. साहेब रुमाल हातात घेऊन बांधावरून चालत निघाले, त्यांच्या मागं मी. पट्टीतले बुडखे गेलेले दिसले. माती पुन्हा काळी दिसत होती, तिच्यात लेंड्या आणि तुरीचा पाला मिसळलेला होता. मी खाली बसून मूठभर उचलली, दाबली, आणि ती हातात मऊ फुटली. मला रडू आलं असतं, पण साहेब बरोबर होते.

उत्तमराव आम्हाला येताना बघून लगबगीनं बांधापलीकडच्या एका झाडाखालून उठले. तिथं बैल उभे होते आणि गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं. त्यांनी आमच्या वाटेत येऊन नमस्कार केला आणि आम्हाला घराकडे वळवलं. खुर्ची आणली. साहेबांनी रुमाल पसरला, बसले. सुभद्राबाईंनी चहा दिला. उत्तमरावांचं बोलणं पूर्वीइतकंच आदबीचं होतं.

"छान दिसतंय रान," साहेब म्हणाले. "आता काय लावणार म्हणता?"

मी ऐकत होते. ओसरीच्या कोपऱ्यात बियाणाची पाटी होती, तिच्यावर टोपलं पालथं घातलं होतं. उत्तमरावांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"नाय ठरलं आजून, साहेब."

"काही ठरवलं नाही? ओल चांगली आहे की."

"व्हय, हाय खरी. पन नाय ठरलं."

"पडीक ठेवू नका बरं का. मला विचारायला यायचं की. मी आहे अजून."

"व्हय जी," उत्तमराव म्हणाले. "इचारू की."

साहेबांनी त्यांना बरंच काही सांगितलं. साग लावा, बांबू लावा, रांगा दक्षिणोत्तर ठेवा. उत्तमराव प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होते. सुभद्राबाई चौकटीत उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या, आम्ही कधी निघतो याकडे त्यांचं लक्ष होतं. मला ते कळलं, म्हणून मीच उठले.

जीपमध्ये बसल्यावर साहेबांनी बूट पुसले. "साधी माणसं आहेत हो," मला म्हणाले. "सांगणारं कुणी नाही त्यांना. हंगाम डोक्यावर आला आणि यांचं अजून काही ठरत नाही."

हमीदभाईंनी गाडी रस्त्यावर घेतली. साहेब समोर बघून बोलतच होते. मी मागं वळले. उत्तमराव बांधावर उभे राहून आमच्या गाडीकडे बघत होते. गाडी जराशी पुढं गेली तसं त्यांनी हात वर करून खूण केली. सुभद्राबाई पाटी डोक्यावर घेऊन घरातून निघाल्या, पेरणीसाठी शहरातून आलेल्या धाकट्या भावानं गोणपाट ओढून काढलं आणि झाकून ठेवलेली पेरायची तिफण बैलांना जुंपली.